दुसऱ्या मजल्यावरचं कुलूप

सोमवार, ३ जुलै

विद्यार्थी मंडळ माझ्या गळ्यात पडलं. मोठ्या बाईंनी शेवटच्या तासाला बोलावलं आणि खुर्चीवर बसायला सांगितलं, तेव्हाच ओळखलं की काहीतरी काम आहे. एरवी आम्ही शिक्षिका त्यांच्या टेबलासमोर उभ्याच असतो.

"यंदा तपासणी आहे," त्या म्हणाल्या. "मंडळ नुसतं कागदावर नको. प्रभावी हवं."

आतापर्यंत आमचं मंडळ म्हणजे पाहुण्यांना फुलं देणाऱ्या दोन नीटनेटक्या मुली आणि आभार मानणारा एक मुलगा. मी म्हटलं, मग खरी निवडणूक घेऊ या. गुप्त मतदान, प्रचार, सगळं. त्या म्हणाल्या, "घे की. तुला हौस आहे म्हणूनच तुला दिलंय."

घरी सासूबाईंनी विचारलं, "पगार वाढणार का?" म्हटलं, नाही. "मग हौस नक्की कुणाची, त्यांची की तुझी?"

काही का असेना, बरं वाटतंय. इतकी वर्षं भूगोल शिकवून माझाच नकाशा झालाय, भिंतीवर टांगलेला आणि कडा मुडपलेला.

शुक्रवार, १४ जुलै

अध्यक्षपदाचं मतदान भूगोलाच्या खोलीत झालं. खोक्याचा आडोसा केला होता, पाचवीतली पोरंसुद्धा गंभीर चेहऱ्याने आत जाऊन येत होती. संस्थेच्या चिटणीसांच्या नातवाने आदल्या दिवशी वर्गावर्गात चॉकलेटं वाटली होती. पोरांनी चॉकलेटं खाल्ली आणि मतं दिली 'वकील'ला.

वकील म्हणजे नववीतली एक मुलगी. कुठल्याही शिक्षकाने काही सांगितलं की हात वर करून "हे कुठल्या नियमात आहे, बाई?" असं विचारते, म्हणून ते नाव. आई तयार कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करते. वर्गात ती माझ्या लेकीच्या, बबडीच्या शेजारीच बसते. बबडीला विचारलं, तू कुणाला मत दिलंस? म्हणाली, "आई, गुप्त मतदान आहे ना?" माझ्याच पोरीने मला धडा दिला.

निकाल सांगायला गेले. मोठ्या बाई म्हणाल्या, "मुलांनी निवडलंय ना, मग झालं." आणि नाकावरचा चष्मा टेबलावर शोधू लागल्या.

गुरुवार, २० जुलै

पहिली बैठक. झाडं लावणं, भित्तिपत्रक, वाचनाचा तास असे विषय मी सुचवले. वकील शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "बाई, आम्हाला नक्की काय काय ठरवता येतं?"

मी म्हटलं, शाळेच्या हिताचं काहीही.

"म्हणजे ज्याला कुणी नाही म्हणणार नाही ते?"

सगळे हसले, मीही हसले. चुणचुणीत आहे पोरगी. असं कुणीतरी मला हवंच होतं.

मंगळवार, १ ऑगस्ट

मंडळातली मुलं मधल्या सुट्टीत वर्गावर्गात जाऊन विचारून आली: शाळेत सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो? मला वाटलं, दप्तराचं ओझं नाहीतर गृहपाठ निघेल. मुलींनी मात्र एकच सांगितलं. बाथरूम.

दुसऱ्या मजल्यावरचं मुलींचं स्वच्छतागृह उन्हाळ्याच्या सुट्टीत नवं केलं. नव्या फरशा, आरसा, हात धुवायला तीन बेसिन. जूनपासून त्याला कुलूप आहे. सगळ्या मुलींना खालचं, मागच्या भिंतीलगतचं जुनं एकच. तिथल्या एका दाराला कडी नाही, त्यामुळे एक आत गेली की दुसरी बाहेरून दार धरून उभी राहते. सुट्टी संपते, रांग संपत नाही. तासाला मग कुणी सोडत नाही.

सातवीतली एकजण म्हणाली म्हणे, झाकलं बाथरूम सव्वा लाखाचं. मलाही हसू आलं. पण प्रश्न रास्त आहे. मी म्हटलं, मी बोलते.

शुक्रवार, ४ ऑगस्ट

मोठ्या बाईंशी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, हे त्यांचं मोठेपण. म्हणाल्या, "उघडायचं तर आहेच. पण मुलींच्या हाती दिलं की आठ दिवसांत काय अवस्था होईल ते तुला ठाऊक आहे. तपासणी होऊ दे. आणि हे बघ, मुलांना रीत शिकव. आले आणि मागितलं, असं नाही चालत. मंडळात विषय मांडा, चर्चा करा, ठराव करा."

पटलं. मागणं सोपं असतं, मांडणं अवघड. तेच तर शिकवायचं आहे.

बुधवार, ९ ऑगस्ट

कार्यक्रमपत्रिका कशी करायची, सूचक कोण, अनुमोदक कोण, इतिवृत्त कसं लिहायचं, हे सगळं आज शिकवलं. मुलं फार पटकन शिकतात. वकीलने विचारलं, "बाई, ठराव झाल्यावर किती दिवसांत उत्तर द्यायचं असतं?" मी म्हटलं, तसा काही नियम नाही. तिने तेही वहीत लिहून घेतलं.

घरी वेगळीच कटकट. बबडीची पाण्याची बाटली सकाळी भरून देते ती संध्याकाळी तशीच परत येते. घरात शिरते, दप्तर फेकते, चपलाही न काढता न्हाणीघरात पळते. आजी समोर बसलेली असते, तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. सासूबाई म्हणाल्या, "अंगाला वळण कसलं ते नाही." बोलले मग मी तिला. खाली मान घालून ऐकलं.

शुक्रवार, १८ ऑगस्ट

ठराव एकमताने मंजूर. भाषा इतकी नेमकी की मी एकही शब्द बदलला नाही. फक्त 'तात्काळ' काढून 'योग्य वेळी' घातलं. 'तात्काळ' म्हणजे दटावल्यासारखं वाटतं. वकील म्हणाली, "बाई, योग्य वेळ कोण ठरवणार?" मी म्हटलं, शब्दात अडकू नकोस.

मोठ्या बाईंनी ठराव वाचला. "छान शिकवलंयस," म्हणाल्या.

मंगळवार, २९ ऑगस्ट

बबडीला तीन दिवस ताप. काल रात्री कंबर धरून रडली. डॉक्टर म्हणाले, लघवीचं इन्फेक्शन आहे, मूत्रपिंडापर्यंत जायला आलंय. "पाणी पीत नाही का ही? लघवी दाबून धरते का?" मी म्हटलं, डॉक्टर, शंभरदा सांगते पाणी पी म्हणून. हट्टी आहे. अगदी बापावर गेलीय.

हे बाहेरगावी असतात, फोनवर म्हणाले, "तू शाळेतच असतेस ना तिच्याबरोबर? मग लक्ष कसं राहत नाही?" जणू मी तिथे रिकामी बसलेली असते.

गुरुवार, ३१ ऑगस्ट

बबडीला बरं वाटतंय. सकाळी औषध देताना पुन्हा म्हटलं, शाळेत पाणी प्यायचं, कळलं? ती म्हणाली, "पाणी प्यायलं की जावं लागतं."

"मग जायचं."

"आई, तुझ्याकडे शिक्षकांच्या बाथरूमची किल्ली असते ना," ती म्हणाली. नंतर कुशीवर वळली.

मंडळात मी हा विषय महिनाभर चालवतेय, ठरावाला अनुमोदन कुणाचं हेही मला पाठ आहे. आणि माझ्याच घरातली मुलगी त्या रांगेत उभी असते, हे डोक्यातच आलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "दिव्याखाली अंधार." त्या नेहमी काहीतरी म्हणतात, पण आज बोचलं.

सोमवार, ४ सप्टेंबर

शुक्रवारी तोडगा काढला होता. बबडीने मधल्या सुट्टीत शिक्षकांचं बाथरूम वापरावं, मोठ्या बाईंनी स्वतःहून परवानगी दिली. "आपली मुलगी आहे," म्हणाल्या. किती आपुलकी.

बबडी एकदाच गेली. बाहेर आली तेव्हा दारात पाचवीतल्या दोन मुली उभ्या होत्या, म्हणाल्या, ताई, आम्हीपण जाऊ? शिपायाने त्यांना हाकललं. त्यानंतर बबडी गेली नाही. आता मी काय करू? मार्ग काढून दिला, तोही नको.

शुक्रवार, ८ सप्टेंबर

मंगळवारी तपासणी. मोठ्या बाईंनी दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "पथकाला शाळा दाखवायला अध्यक्षच असणार. ती पोरगी काही बोलली तर? मंडळ तुझं आहे. जबाबदारीही तुझी." जरा थांबून म्हणाल्या, "पर्यवेक्षिकेची जागा डिसेंबरच्या आधी भरायची आहे. संस्थेत तुझंच नाव मी सुचवणार होते."

मी त्यासाठी काही करत नाहीये, हे इथे लिहून ठेवते. शाळेला वरची श्रेणी मिळाली तर मुलांचंच भलं आहे.

वकीलला भूगोलाच्या खोलीत बोलावलं. म्हटलं, तपासणीच्या दिवशी हा विषय नको. ती म्हणाली, "मग कुठल्या दिवशी, बाई? ते एकदाच येतात."

"तपासणी झाली की पुढच्या सोमवारी कुलूप निघेल."

"तुम्ही शब्द देताय?"

"देते."

तिने हातातली वही मिटली. मग म्हणाली, "ठीक आहे, बाई. तुम्ही म्हणताय म्हणून." तिला बाकीच्यांना समजावावं लागणार होतं, ते सोपं नव्हतं. पण तिने ते केलं. हेच खरं नेतृत्व.

मंगळवार, १२ सप्टेंबर

तपासणी उत्तम. दुसऱ्या मजल्यावरचं दार सताड उघडं, आत साबण, टॉवेल, आरशाजवळ कुंडी. पथकातल्या ज्येष्ठ बाई आत डोकावून म्हणाल्या, "इतकं स्वच्छ! वापरलेलं वाटतच नाही." मोठ्या बाई म्हणाल्या, "मुलींना सवयच लावलीय तशी."

मग त्या बाईंनी वकीलला विचारलं, "तुमचं मंडळ काय काम करतं?" वकीलने माझ्याकडे बघितलं.

"आम्ही बैठका घेतो," ती म्हणाली.

"आणखी?"

"इतिवृत्त लिहितो."

"आणि?"

"पुढच्या बैठकीची तारीख ठरवतो."

त्या खूश होऊन हसल्या. पोरीने किती नम्रपणे सांगितलं! अहवालात 'अनुकरणीय विद्यार्थी मंडळ' असं येणार आहे, चहाच्या वेळी त्या स्वतः म्हणाल्या. मी वकीलच्या पाठीवर थाप मारली, तर ती एक पाऊल मागे सरली. दमली असेल.

सोमवार, १८ सप्टेंबर

सकाळी लवकर गेले. कुलूप होतं.

मोठ्या बाई म्हणाल्या, "अगं, श्रेणी जाहीर झाली की संस्थेचा सत्कार आहे. पाहुणे येतील. तेवढा महिना जाऊ दे." मी म्हटलं, बाई, मी मुलांना शब्द दिलाय. त्या म्हणाल्या, "तू दिलास. मी नाही." रागाने नाही, अगदी साधेपणाने म्हणाल्या. वर नाश्ता झाला का, असंही विचारलं.

मधल्या सुट्टीत वकील खोलीच्या दारात आली. मी नकाशे गुंडाळत होते. म्हटलं, थोडा उशीर होतोय. ती म्हणाली, "पुढच्या बैठकीत विषय घेऊ का, बाई?" चेष्टा होती की काय, कळलं नाही.

गुरुवार, २१ सप्टेंबर

मुली दुसऱ्या मजल्यावर त्या दारासमोर बसल्या आहेत. घोषणा नाहीत, फलक नाहीत. मधली सुट्टीभर बसतात, घंटा झाली की वर्गात जातात. आज बबडीही होती. मी जिन्यातून पाहिलं आणि परत फिरले. शिस्त मोडलेली नाही, तेव्हा मी काय बोलणार?

चिटणीसांचा नातू त्यांच्यापुढून शीळ घालत गेला. मुलांच्या बाथरूमला कधीच कुलूप नव्हतं.

सोमवार, २५ सप्टेंबर

कुलूप कुणीतरी फोडलं. काल रविवार, शिवणवर्गासाठी इमारत दुपारपर्यंत उघडी असते, तेव्हाच. कडीसकट उखडलंय, नव्या दाराचा टवका गेलाय. खाली काळा दगड पडला होता. माझ्या कपाटातला, खडकांच्या नमुन्यांमधला. नावाच्या चिठ्ठीसकट.

मोठ्या बाईंनी दगड टेबलावर ठेवून मला विचारलं, हे कपाट कुणाकुणाच्या हाताला लागतं? मंडळाची बैठक त्याच खोलीत होते हे सगळ्यांना माहीत आहे. कपाटाची किल्ली तर घरच्या खिळ्यावरच आहे. मीच कधीतरी कपाट उघडं टाकलं असणार, तसं मी सांगितलं.

बबडीच्या तळहाताला चांगलंच खरचटलंय. जिन्यावर पडले म्हणाली. मलम लावून पट्टी बांधली. कुठल्या जिन्यावर, ते काही विचारलं नाही. पोरं पडतातच.

बुधवार, २७ सप्टेंबर

चौकशी. चिटणीस स्वतः आले होते. वकीलला उभं केलं. "तू फोडलंस?"

"नाही."

"कुणी फोडलं माहीत आहे?"

"आहे. सांगणार नाही."

"कुठल्या नियमाने?" चिटणीस म्हणाले आणि स्वतःच हसले. आमच्यातले दोघंतिघंही हसले.

मग त्यांनी मला विचारलं, मंडळाची प्रमुख म्हणून तुमचं मत काय? वकील माझ्याकडे बघत होती. रागाने बघत नव्हती. कीव केल्यासारखं बघत होती, आणि का ते मला समजेना. मी म्हटलं, अध्यक्ष म्हणून जबाबदारी तिच्यावर येतेच. हे चूक आहे का? जबाबदारी म्हणजे काय, हे मीच तर तिला शिकवलं होतं.

अध्यक्षपद गेलं. पंधरा दिवस शाळेत यायचं नाही. नातवाला अध्यक्ष नेमलं, मतदान नको, वेळ नाही.

शुक्रवार, २९ सप्टेंबर

बबडी मला न सांगता मोठ्या बाईंच्या खोलीत गेली आणि कुलूप आपण फोडलं म्हणाली.

मोठ्या बाईंनी मला बोलावलं. खुर्ची दिली. "तुझी लेक मैत्रिणीसाठी स्वतःवर आळ घेतेय. किती मोठं मन. मी तिला समजावून परत पाठवलं. हे आपल्या दोघींत राहू दे." मी म्हटलं, हो, आहेच ती तशी, लहानपणापासून. बबडीच्या हाताची पट्टी त्यांना दिसली असणारच. मी खुर्ची नीट सरकवून बाहेर आले.

संध्याकाळी बबडी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "मीच फोडलं, आई. किल्ली खिळ्यावरून घेतली. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, असं बोलू नये, आईच्या बढतीची ऑर्डर निघायची आहे."

मी कांदा चिरत होते. म्हटलं, हातपाय धू, जेवायला बस.

"तू उद्या सांगशील?"

म्हटलं, बघू.

सासूबाई आतून म्हणाल्या, "आपला तो बाब्या." पुढचं बोलल्या नाहीत. बोलायची गरजच नव्हती.

सोमवार, ९ ऑक्टोबर

वकीलची आई दाखला घ्यायला आली. कामावरून तशीच आली होती, पदराला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. मी म्हटलं, पंधरा दिवसांचीच तर गोष्ट आहे, शाळा कशाला सोडवता?

"ती नको म्हणते. मी पण जबरदस्ती नाही केली."

"हुशार आहे हो पोरगी."

"हुशारीच भोवली." दाखला घडी करून पिशवीत ठेवला. "तुमचं फार सांगायची घरी. बाईंनी शब्द दिलाय, असं दहादा म्हणाली असेल. मी म्हटलं होतं तिला, मोठ्या माणसांचं एवढं मनावर घेऊ नये."

मी चहा विचारला. त्या म्हणाल्या, नको, अर्ध्या दिवसाचीच रजा आहे.

दुपारी ऑर्डर हातात आली. पर्यवेक्षिका. पेढे आणले नाहीत. मधुमेह असलेले फार आहेत शिक्षकांत.

शनिवार, ४ नोव्हेंबर

आसपासच्या आठदहा शाळांतल्या शिक्षकांसाठी आमच्या सभागृहात कार्यशाळा झाली. विषय, 'शाळेत प्रभावी विद्यार्थी मंडळ कसं चालवावं'. बोलणार मी. अहवालातल्या त्या एका शब्दामुळे. चहा द्यायला मोठ्या बाईंनी नववीच्या मुली घेतल्या होत्या, त्यात बबडीही, ट्रे घेऊन मागे उभी.

चांगली बोलले. निवडणूक खरी घ्या. मुलांना प्रश्न शोधू द्या. बैठकीची शिस्त लावा. दिलेला शब्द पाळा, हाही मुद्दा काढून ठेवला होता, पण वेळ कमी होता म्हणून गाळला.

शेवटी एक तरुण शिक्षक उठला. "बाई, तुमची ती पहिली अध्यक्ष कुठे आहे? तिच्याशी बोलायला आवडलं असतं."

मी म्हटलं, "ती शाळा सोडून गेली. वडिलांची बदली झाली."

असं का म्हणाले कोण जाणे. तिला वडील नाहीत, मला चांगलं माहीत आहे. तोंडातून निघून गेलं. टाळ्या झाल्या, मोठ्या बाईंनी शाल दिली.

घरी सासूबाईंनी विचारलं, "कसं झालं?" म्हटलं, छान झालं. बबडी जेवत होती. हल्ली विचारलं तेवढंच बोलते. आज न विचारता म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी मला दुसऱ्या शाळेत घाल."

मी म्हटलं, अगं, पर्यवेक्षिकेची मुलगी दुसऱ्या शाळेत? लोक विचारतील, मी काय सांगू त्यांना?

तिने ताटातला शेवटचा घास संपवला, पाणी प्यायली, उठली.

"सांग, वडिलांची बदली झाली."